वर देखा, साहेब

द्वारकाअक्का साहेबाच्या हातात निवेदन द्यायची, पण सोडायची नाही. एक टोक साहेबाच्या बोटांत, दुसरं अक्काच्या चिमटीत. साहेब मान खाली घालून सही करत असायचा, फाइल चाळत असायचा, आताशा तर मोबाइलच बघत असायचा. कागद हातात येत का नाही म्हणून तो एकदा ओढायचा, दोनदा ओढायचा आणि शेवटी वैतागून वर बघायचा. बघितलं की अक्का म्हणायची, "हां. आते ल्या." आणि चिमटी सोडायची.

एकदा तिच्या माहेरच्या बायकांच्या कामासाठी पारोळ्याला गेलो, तर तिथल्या साहेबाने वर न बघता इतक्या जोरात ओढलं की कागद मधोमध फाटला. अक्काने तिचा अर्धा तुकडा घडी करून कमरेला खोचला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. मी तणतणत होते, बाहेरून नवीन प्रिंट काढून आणते म्हणत होते.

"बस गुपचूप, जयगाववाली," अक्का म्हणाली. "त्याले बाकीनं वाचाले वर देखनं पडी."

दीड तास लागला. पण साहेबाने मान वर केली, आणि अर्धा कागद मागून घेतला.

मी जळगावची, म्हणून जयगाववाली. चार वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नाही. मी पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. आमच्या संघटनेत मला शिकवलं होतं की मागणी नेमकी असावी, वाक्य छोटं असावं, शेवटी मुदत द्यावी. अक्काला यातलं काही मान्य नव्हतं असं नाही, पण तिचं म्हणणं की साहेबाने तुमच्याकडे बघितलंच नाही तर त्याने नकारसुद्धा दिलेला नसतो. मग तुम्ही कशाच्या विरोधात घोषणा देता?

तिची मागणी एवढीच होती की बस खाली यावी. सोनगीरच्या पुढे, हायवेला लागून तिचं गाव. रस्ता रुंद झाला, गावावर उड्डाणपूल आला, आणि बस पुलावरून जायला लागली. कागदावर गावाला थांबा आहे. तो पुलाखाली, सर्व्हिस रोडला. थांब्यावर धुळ्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरी उभ्या, दवाखान्याच्या म्हाताऱ्या उभ्या, आणि डोक्यावरून बस निघून जाते. एका वर्षात चार पोरींनी कॉलेज सोडलं. त्यातल्या दोघींची लग्नं लावून टाकली. हे कुणी केलं म्हणून विचारलं तर कुणीच केलेलं नसतं. ड्रायव्हर म्हणतो वेळ पाळायची असते. डेपोवाले म्हणतात ड्रायव्हरला सांगितलंय. मी यावर जळजळीत पत्रक लिहिलं होतं.

अक्का मात्र पहाटेचं आवरून पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, जिथे वरचा आणि खालचा रस्ता वेगळा होतो तिथे. मी म्हटलं, मध्ये उभं राहू, रास्ता रोको करू. ती म्हणाली, मध्ये उभं राहिलं की तो हॉर्न मारतो, त्याला आडकाठी दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून ती कडेला उभी राहायची. हात करायची नाही, ओरडायची नाही. बस जवळ आली की सरळ ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायची. दहातले तीन-चार तरी बस खाली घ्यायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नजर भिडनी की पाय ब्रेकवर जास," ती म्हणायची.

मग एक ड्रायव्हर काळा चष्मा लावून यायला लागला. भल्या सकाळी, धुकं असताना. अक्का त्याला गाठायला डेपोत गेली, आणि तो चहा पीत होता त्या टपरीवर सगळ्यांसमोर, डोळे आलेल्या माणसाला विचारावं तशा काळजीच्या आवाजात म्हणाली, "काब भो, डोया उनात का तुना? औषीद टाकत जाय." टपरी हसली. दुसऱ्या दिवशी चष्मा नव्हता. आठवडाभर त्याची बस खाली आली, मग पुन्हा वरून जायला लागली. आमचं सगळं असंच होतं. जिंकलो म्हणावं इतकं कधी काही टिकलं नाही.

हे तिने कुठून आणलं? तिचे वडील बैलांचे दलाल. बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळू नये. बायाबापड्यांना तिथे जागा नव्हती, पण वडील या पोरीला मुद्दाम सोबत न्यायचे आणि समोर उभी करायचे. बोटांकडे कोणी बघायचं नाही, पोरीने समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं. तो कुठे ताणतोय, कुठे तुटेल, ते घरी जाताना वडिलांना सांगायचं. सौदा पटला की बोलायची पद्धत नव्हती. नजर फक्त वर उचलायची. नाही पटला, तर खाली.

हे तिने मला धुळ्याच्या एका कचेरीच्या व्हरांड्यात सांगितलं, माझ्या हातावर तिचा पदर टाकून. माझी तीन बोटं दाबली आणि म्हणाली, "बोटं खोटं बोलतस. डोया नही."

"बैलाचे पण नाही?"

"बैलना डोया बठ्ठा काया. तो कोठे देखी राहिना, ते समजत नही. मानूसना डोयामा पांढरं ऱ्हास. लपाडाले जागाच नही." मग, "म्हनीसन साहेब लोक खाली देखतस."

मी तेव्हा हसले होते. आता कळतं की यापेक्षा नेमकं मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. वर बघितलं की समोर माणूस उभं राहतं, आणि उभं राहिलेलं माणूस नंतर घरी जेवताना आठवतं. म्हणून बघायचंच नाही. सबंध यंत्रणा या एका युक्तीवर चालू आहे.

माझी पत्रकंही ती अशीच तपासायची. कागद हातात घ्यायची, उलटसुलट करायची, परत द्यायची. "वाची दाखाड. मन्हाकडे देखीसन." मी वाचायचे. एकदा वाचलं, 'शेकडो महिला रस्त्यावर उतरतील.' तिने हात वर केला.

"आठे तू खाली देखं."

"अक्का, असं लिहावं लागतं."

"खऱ्या कितल्या शेतस?"

"एकोणीस."

"मंग एकोनीस लिख."

एकोणीस लिहिलं. संघटनेतले माझ्यावर हसले.

गेल्या हिवाळ्यात अक्का पुलाच्या तोंडाशी उभी असतानाच खाली कोसळली. पोरींनी रिक्षात घालून धुळ्याला आणलं. मेंदूच्या खालच्या भागात गुठळी. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण त्या एका इमारतीशी होतं, आणि हे सगळीकडे असंच आहे. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती, श्वास यंत्र घेत होतं. हात नाही, पाय नाही, मान नाही, पापण्याही धड तिच्या ताब्यात नव्हत्या. फक्त बुबुळं अधूनमधून वर-खाली व्हायची.

तिचा मुलगा भास्कर जळगावला दुकानात कामाला. तो रजा टाकून आला होता. आत एका वेळी एकालाच सोडत, तेही दहा मिनिटं, म्हणून आम्ही आळीपाळीने जायचो.

डॉक्टर तरुण होता, डोळे सुजलेले, चाळीस खाटांमागे तो एकटा. वाईट माणूस नव्हता, हे मला लिहावंसं वाटत नाही, पण खरं आहे. तो खाटेशी यायचा, यंत्राकडे बघत मोठ्याने म्हणायचा, "मावशी, डोळे मिटा. मावशी, हात दाबा." आणि फाइलमध्ये लिहायचा. फाइलमध्ये लिहिलेलं असायचं की रुग्ण प्रतिसाद देत नाही.

"ती बघते," मी म्हटलं.

"डोळे उघडे असणं म्हणजे बघणं नाही, मॅडम. बुबुळं आपोआप हलतात."

"तुम्ही तिच्याकडे बघून विचारलंत का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही.

मग मी ती चूक केली. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला काय सुचणार? मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत क-ख-ग लिहून नेलं. एकेक अक्षरावर बोट ठेवायचं आणि तिने नजरेने खूण करायची, असं तिला तीनदा समजावलं. डॉक्टरला हाताला धरून आणलं. तो घड्याळ बघत उभा राहिला. मी बोट फिरवलं, क पासून ज्ञ पर्यंत. अक्काने पुठ्ठ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, एकटक, जीव काढून. मी पुन्हा क पासून सुरू केलं. मी अक्षरांकडे बघत होते.

"बघा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "मी समजू शकतो." आणि त्याने फाइलमध्ये अजून एक ओळ लिहिली. ती ओळ माझ्यामुळे लिहिली गेली.

बाहेर आल्यावर मी भास्करला पुठ्ठा दाखवला. त्याने पुठ्ठा हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "आईला वाचता येत नाही. सहीपुरतं येतं फक्त. तुम्हाला माहीत नव्हतं?"

चार वर्षं. चार वर्षं मी तिच्या हातात कागद देत होते आणि तिने मला एकदाही कळू दिलं नाही. किंवा रोज कळू दिलं, 'वाची दाखाड' म्हणून, आणि मी बघितलं नाही.

मी परत डॉक्टरकडे गेले. तिला वाचता येत नाही, म्हणून ते तसं झालं, पुन्हा एकदा तपासा. तो म्हणाला, नातेवाइकांना असं वाटत राहतं. मी दुसऱ्या मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी आणायला धावले, तो बाहेरगावी होता. आत गेल्यावर तिला म्हणायचे, "अक्का, ऐकू येत असेल तर डोळे मिट." ती मिटायची नाही. वर बघायची. मी पुन्हा म्हणायचे, मिट. ती पुन्हा वर. मला वाटायचं, छताकडे. सातव्या दिवशी मीसुद्धा मानायला लागले होते.

ठरलं असं, की शुक्रवारी सकाळी यंत्र काढायचं आणि घरी न्यायचं. गुरुवारी दुपारी चारला सगळ्यांना एकदम आत सोडलं. भेटून घ्या म्हणाले. तेव्हा तिचा थोरला भाऊ, चिंधूनाना, पारोळ्याकडून आला. नानाही बैलांचा दलाल, आता बाजार उरला नाही म्हणून नुसता म्हातारा. पायांत आत जाताना घालायला देतात ती निळी प्लास्टिकची मोजी, डोक्यावर टोपी. खाटेशी आला. तिचा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल काढून दोन्ही हातांवर टाकला.

त्याला काही तपासायचं नव्हतं. बहिणीचा निरोप घ्यायची त्याची तीच रीत होती.

रुमालाखाली त्याचा हात हलला. त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं, तिची नजर वर उचलली, आणि तो एकदम ताठ झाला.

"दुरका," तो म्हणाला. "आपन बहीनभाऊ कितला?"

रुमाल हलला. "इतला?" अक्काची नजर खाली गेली.

"चार होते ना, नाना?" भास्कर म्हणाला. "चारच दाबा."

"चारच दाबात मी," नाना म्हणाला. मग त्याने पुन्हा बोटं दाबली. अक्काची बुबुळं वर गेली, आणि वरच राहिली.

"पाच," नाना म्हणाला. "एक सव्वा महिनानी गई. तिनं नाव भी ठेयेल नव्हतं. दुरका तिले भी मोजी राहिनी."

डॉक्टर दाराशी मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. नाना त्याच्याकडे वळला.

"डॉक्टरसाहेब. वर देखा."

"आजोबा, ते रिफ्लेक्स..."

"वर देखा, साहेब."

डॉक्टर आला. नानाने त्याचा हात धरून रुमालाखाली घातला, बोटं कशी दाबायची ते दाखवलं, आणि म्हणाला की तुम्हाला हवं ते विचारा, तिला कुणी सांगितलं नसेल असं विचारा, फक्त डोळ्यांकडे बघून विचारा. डॉक्टर पहिल्यांदा तिच्या तोंडासमोर वाकला. त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही इथे आल्याला किती दिवस झाले?"

त्या खोलीला खिडकी नाही. चोवीस तास दिवे. तिला कुणी वार सांगितलेला नव्हता. डॉक्टरची बोटं रुमालाखाली हलत होती, अक्काची नजर खाली, खाली, खाली. मग वर.

"आठ," तो म्हणाला. आणि स्टूल ओढून बसला.

म्हणजे आठ दिवस ती तिथे होती. नर्सा बदलायच्या ते मोजत होती. भास्कर उशाशी उभा राहून फोनवर सरणाची लाकडं सांगत होता, ते ऐकत होती. आणि मी? मी सातव्या दिवशी तिच्या खाटेशी उभी राहून संघटनेतल्या एकीला श्रद्धांजलीचं पत्रक फोनवर वाचून दाखवलं होतं. 'द्वारकाअक्का आज आपल्यात नाहीत.' छोटं वाक्य, नेमकं.

मी तिच्या तोंडासमोर गेले. "अक्का, ते ऐकलंस?"

वर.

मी खाली बघितलं.

त्यानंतर जे झालं ते आम्हाला कुणालाच नको होतं. डॉक्टर आता स्टुलावर बसून, तिच्या डोळ्यांत बघून, सगळं सांगायला लागला. हात-पाय परत यायची आशा फार नाही. यंत्र ठेवलं तर असंच राहावं लागेल, किती ते माहीत नाही. यंत्र काढलं तर काही तास. अर्धा तास तो बोलला, आणि मी त्याच्यावर चिडायला कारण शोधत होते, मला सापडत नव्हतं. मग त्याने विचारलं, "मावशी, इथे राहायचं?"

खाली.

"घरी जायचं?"

वर.

मी म्हटलं, तिला नीट कळलं नसेल, पुन्हा विचारा. पुन्हा विचारलं. वर. मी स्वतः विचारलं, मराठीत विचारलं, तिच्या बोलीत विचारलं, "अक्का, घर जानं शे?" चार वर्षं मी तिच्यासाठी भांडले आणि आता तिच्याशीच भांडत होते. तिने माझ्याकडे बघितलं तसं ती साहेबांकडे बघायची. कागद धरून ठेवल्यासारखं. वर.

जिन्यात भास्कर म्हणाला, "मग काय वेगळं झालं, ताई? उद्या घरीच नेत होतो."

नाना पायांतली निळी मोजी काढत पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "काल आपन तिले लई जाई राहिंतूत. आज ती जाई राहिनी."

शुक्रवारी सकाळी ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्याशेजारी होते. गाडीत श्वासाचं यंत्र होतं, घरी नव्हतं. सोनगीर गेलं. ड्रायव्हर सवयीने पुलाकडे निघाला, नाना पुढून म्हणाला, खालून. गाडी सर्व्हिस रोडला उतरली. थांब्यावर पोरी उभ्या होत्या, दप्तरं पाठीला, बसची वाट बघत. कुणीतरी मागचं दार उघडलं. पोरी दाराशी आल्या, आणि रडायच्या ऐवजी त्या एकेक करून अक्काच्या नजरेसमोर येऊन थांबल्या. तिने एकीकडे बघितलं की दुसरी पुढे यायची. कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही तसे थांबलो असताना डोक्यावरून बस गेली. पूल थरथरला. एकीनेही वर बघितलं नाही.

मग दार लावलं. घर तिथून दोन मिनिटांवर. मला माहीत होतं की यानंतर मी तिला विचारू शकणार नाही. मी तिच्या हातावर माझी ओढणी टाकली, बोटं धरली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "अक्का, भीती वाटतेय?"

तिने नजर खाली नेली. नाही.

पण त्याआधी एक क्षण, अगदी एक क्षण, बुबुळं वर जायला निघाली होती. मी बघितलं. तिच्याकडूनच शिकले होते, कुठे ताणतंय आणि कुठे तुटेल ते. चार वर्षं मी खोटं वाचलं की ती हात वर करून मला थांबवायची. मी तिला थांबवलं नाही. तिची बोटं धरून, गाडी थांबेपर्यंत, मी तिच्याकडे बघत राहिले.